फळ्यावरचा ‘सा’ आणि फडातला सूर : प्राथमिक शाळेत संगीत कसे आले?

१/
जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही ‘तमाशापंढरी’. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावसह दूरदूरच्या गावांचे यात्रा कारभारी येथे येऊन तमाशाची सुपारी देतात. या फडांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या गाणे शिकत आली, पण शाळेबाहेर. मग शाळेत संगीत आले ते कोठून?

२/
एकोणिसाव्या शतकात गाणे शिकणे म्हणजे गुरुगृही राहणे, सेवा करणे आणि कानाने ऐकून कंठात साठवणे. विद्या सहसा घराण्याबाहेर जात नसे. सामान्य घरातील मुलाला हा मार्ग जवळजवळ बंदच होता.

३/
बदलाची चाहूल दोन शहरांत लागली. १८७४ मध्ये ‘पुणे गायन समाज’ स्थापन झाला. १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी बडोद्यात संगीतशाळा सुरू केली. मौलाबक्षांनी स्वरलिपीही घडवली. स्वर लिहिता येऊ लागले, तेव्हाच एका वेळी अनेक मुलांना शिकवणे शक्य झाले.

४/
या कार्याला देशव्यापी रूप दिले विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी. जन्म १८७२, कुरुंदवाड. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी तालीम घेतली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. वर्ग, वेळापत्रक, परीक्षा आणि मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके, अशी शाळेची सारी शिस्त गाण्याला लाभली.

५/
परंतु पालकांनी मुलामुलींना गाण्यास पाठवावे, तर गाण्याविषयीचा संशय दूर होणे आवश्यक होते. म्हणून पलुस्करांनी बंदिशींतील शृंगारिक शब्द वगळून भक्तिपर शब्द योजले. संगीत प्रतिष्ठित झाले. मात्र प्रतिष्ठेच्या या नव्या उंबरठ्याबाहेर लावणी राहिली आणि ती गाणारे समाजही राहिले.

६/
फडातील शिक्षणही काटेकोरच होते. मूल आधी झीलकऱ्यांत उभे राहून सूर धरी, ढोलकी-हलगीच्या संगतीत ताल आत्मसात करी. गण, गवळण, लावणी, वग हा क्रम त्याला रोजच्या खेळातूनच पाठ होई. स्वरलिपी नव्हती, प्रमाणपत्रही नव्हते.

७/
विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) याच परंपरेतल्या. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभारला. वडील व चुलत्यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. लावणी, गवळण, भेदिक हे सारे विठाबाईंच्या कानी बालपणीच पडले. पुढे त्यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. आज राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

८/
तरीही एक विसंगती उरते. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखाच्या यात्रांपर्यंत चालतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर संपते. शाळा ऐन भरात असते, तेव्हा फड गावोगाव फिरत असतो. आईवडिलांसोबत निघालेल्या मुलाची शाळा सुटते. शाळेत राहिलेल्या मुलाचा फड सुटतो.

९/
आज महाराष्ट्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात कलाशिक्षणाखाली गायन आणि वादन आहे. पलुस्करांनी घराण्याचे दार उघडले, म्हणून ‘सा’ फळ्यापर्यंत आला. नारायणगावच्या राहुटीतील ढोलकी त्याच वर्गात सन्मानाने पोहोचली आणि ती वाजवणाऱ्याचे मूलही त्या वर्गात वर्षभर बसू शकले, तरच शतकापूर्वी सुरू झालेले हे काम पूर्ण होईल.