तुतीच्या जाती : रेशीमकीटकांचे खाद्य

तुती रेशीमकीटकाचे (बॉम्बिक्स मोरी) नैसर्गिक खाद्य म्हणजे तुतीचा पाला. विदर्भाच्या पूर्व भागात व छत्तीसगडात ऐन-अर्जुनावर वाढणारा टसर कीटक वेगळा. महाराष्ट्रात तुतीवरचे संगोपन मराठवाड्यात विशेष पसरले आहे. तुतीच्या जातींची तुलना हेक्टरी पाला, पाल्यातील पाणी व प्रथिने, तोडल्यावर ओलावा टिकण्याची क्षमता आणि पाला खाऊन तयार झालेल्या कोषांचे वजन व कवचाचे प्रमाण या निकषांवर होते.

कीटकाच्या पाच अवस्था असतात व त्यांदरम्यान तो चार वेळा कात टाकतो. पहिल्या दोन अवस्थांना बाल्यावस्था किंवा चॉकी म्हणतात. या काळात कोवळा, रसरशीत पाला बारीक चिरून देतात. चिरलेले तुकडे ट्रेमध्ये लवकर सुकतात आणि सुकलेला पाला कोवळ्या जबड्यांना कुरतडता येत नाही. म्हणून येथे पाल्याच्या वजनापेक्षा त्याचा ओलावा महत्त्वाचा ठरतो. पुढच्या तीन अवस्थांत, म्हणजे प्रौढावस्थेत, गरज पालटते. एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेतच फस्त होतो. तेव्हा फांद्याच रॅकवर ठेवतात.

के-२ (एम-५) ही कर्नाटकातील स्थानिक म्हैसूर तुतीतून निवडलेली जुनी जात. ओलिताखाली तिचे उत्पादन वर्षाला हेक्टरी सुमारे ३० ते ३५ टन येते. एस-३६ ही बेरहामपूरच्या स्थानिक तुतीपासून रासायनिक उत्परिवर्तनाने मिळवली. तिची पाने हृदयाकृती, फिकट हिरवी, मऊ व ओलसर असल्याने चॉकीसाठी ती पसंत केली जाते. मात्र तिच्या कलमांना मुळे कमी फुटतात.

व्ही-१ ही म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने एस-३० आणि बेरहामपूर सी-७७६ यांच्या संकरातून तयार केली. सरळ फांद्या, जाड व गडद हिरवी पाने, मुळे सहज फुटणारी कलमे आणि भरपूर पाणी व खत मिळाल्यास हेक्टरी ६० ते ७० टन पाला ही तिची वैशिष्ट्ये. महाराष्ट्रात कीटकांच्या दुबार (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) संकरित वाणांसाठी तिचीच लागवड प्रामुख्याने होते. कोरडवाहू जमिनीसाठी एस-१३ व एस-३४ या जाती निवडल्या गेल्या. पुढे जी-२ चॉकीसाठी व जी-४ प्रौढ कीटकांसाठी अशी गरजेनुसार विभागणी झाली.

तुलनेचे आकडे सारख्याच स्थितीत घेतलेले असावे लागतात. पाणी तुटले की व्ही-१चे उत्पादन घटते. पाला जून झाला की कोणत्याही जातीतील पाणी व प्रथिने कमी होतात, तंतुमय भाग वाढतो आणि कवच हलके भरते. त्यामुळे छाटणीपासून पाला तोडेपर्यंतचे दिवस, ओलीत आणि कीटकाची अवस्था सारखी धरूनच जातींचा क्रम लावतात.