इंडक्शन शेगडीचा ‘ई-३’ : बिघाड सेन्सरचा की जोडणीचा?

भाजी अर्धवट शिजलेली असताना इंडक्शन शेगडी टुकटुक वाजू लागते, तिच्या पडद्यावर ‘ई-३’ किंवा तत्सम अक्षरे उमटतात आणि काम थांबते. शहरातील स्वयंपाकघरांना हा प्रसंग आता नवा नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनुदानित गॅस सिलिंडरची संख्या वर्षाला सहावर आणली. पुढे ती आधी नऊ आणि मग बारा झाली खरी. पण त्या काळात अनेक घरांत गॅसला जोड म्हणून आलेली ही शेगडी तेथेच मुक्कामाला राहिली. तिच्या तक्रारींपैकी एक मोठा वाटा तापमान मोजणाऱ्या सेन्सरशी निगडित असतो, आणि नेमक्या याच तक्रारीवर सर्वाधिक चुकीचे उपचार होतात.

इंडक्शन शेगडी स्वतः तापत नाही. काचेखालील तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा लोखंडी तळ तापतो. भांडे किती तापले हे शेगडीला थेट कळत नाही. वेटोळ्याच्या मधोमध, काचेला खालून चिकटून, ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी बसवलेला असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा गुण मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्येच नोंदवला होता. असाच दुसरा सेन्सर आयजीबीटी या विद्युतप्रवाहाची उघडझाप करणाऱ्या भागाजवळ, अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हाळीदार ठोकळ्यावर असतो. पहिला भांड्याची काळजी वाहतो, दुसरा यंत्राची. सांकेतिक क्रमांक या दोहोंपैकी कोणाविषयी आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवावे; कारण प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे असतात आणि एका यंत्रातील ‘ई-३’चा अर्थ दुसऱ्या यंत्रात निराळाच निघतो. शेजाऱ्यांच्या शेगडीवरून निदान करण्यात अर्थ नाही.

मणी मधूनच तुटला किंवा त्याची तार सुटली, तर रोध अमर्याद होतो आणि शेगडीला वाटते की भांडे बर्फासारखे गार आहे. उलट, दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्यावर येतो आणि शेगडीला भांडे भयंकर तापल्याचा भास होतो. हा फरक ध्यानात घेतला, की क्रमांक कधी उमटतो यावरूनच बरेच काही उमजते. थंड शेगडी सुरू करताक्षणी क्रमांक आला, तर तारा चिकटल्याची शक्यता मोठी. मिनिटभर चालून मग आला, तर तार तुटल्याचा संशय घ्यावा. कारण काही यंत्रे सुरुवातीला गारठा समजून थोडा वेळ वाट पाहतात आणि तरीही तापमान चढलेले दिसले नाही, की मगच तक्रार करतात. दहा-पंधरा मिनिटे सुरळीत स्वयंपाक होऊन मग क्रमांक आला, तर सेन्सर बहुधा खरेच बोलत असतो. आत उष्णता साचलेली असते आणि दोष दुसरीकडे असतो.

या शेवटच्या प्रकारात शेगडी उघडण्याआधी तिच्या आजूबाजूला पाहावे. ती भिंतीला टेकून ठेवली आहे काय? खाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचा कागद अंथरला आहे काय? बहुतेक शेगड्या तळातून हवा आत ओढतात, त्यामुळे तो कागद थेट पंख्याच्या तोंडाला चिकटतो. जेथून हवा बाहेर पडते त्या फटींपाशी पातळ कागदाचा कपटा धरावा. तो हलला नाही तर पंखा बंद आहे किंवा तेलकट धुळीने जखडला आहे. झुरळांनाही ही उबदार जागा प्रिय असते. आतल्या पट्टीवर त्यांची विष्ठा साचली आणि पावसाळ्यात तिला ओल सुटली, की नको त्या दोन टोकांमधून प्रवाह वाहू लागतो व सेन्सरचे मोजमाप चुकते.

भांड्याचाही दोष असतो. वापरून वापरून तळ मधोमध वर उचललेली कढई काचेला कडेनेच टेकते. सेन्सर मध्यभागी असल्याने त्याला भांड्याचे तापमान कमी भासते. पातळ तळाच्या भांड्यात फोडणीसाठी चमचाभर तेल घातले, तर ते काही सेकंदांत धुरावते, पण उष्णता काचेतून खाली झिरपेपर्यंत सेन्सरला त्याची खबर नसते. पडद्यावरचा १८० हा आकडा म्हणजे तेलाचे तापमान नव्हे, ही गोष्ट ग्राहकांना दुकानात क्वचितच सांगितली जाते.

इतके करूनही दोष राहिला, तर शेगडी उघडावी लागते. वॉरंटी शिल्लक असेल, तर ती कंपनीच्या सेवा केंद्राकडेच द्यावी. काचेला तडा गेला असेल, तर प्लग काढून ती बाजूला ठेवावी. पाणी आत झिरपण्याचा धोका असतो. विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीची माहिती नसणाऱ्यांनी पुढचा मजकूर केवळ मेकॅनिकला योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून वाचावा. २३० व्होल्टच्या घरगुती विजेचे आत सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात रूपांतर होते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तो कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. त्यामुळे प्लग काढून काही मिनिटे थांबणे आणि मीटरने तो दाब शून्यावर आल्याची खात्री करणे अनिवार्य आहे. शेगडी चालू ठेवून आत मीटर लावणे तर सर्वथा वर्ज्य. आतील सर्किट मुख्य विजेपासून अलग केलेले नसते.

आत पाहताना प्रथम सेन्सरची प्लास्टिकची टोपणजोडणी तपासावी. समुद्रकाठच्या दमट हवेत तिच्या पिना हिरव्या पडतात. जोडणी काढून, पिना स्वच्छ करून पुन्हा घट्ट बसवली एवढ्यानेही काही शेगड्या सुरू होतात. त्यानंतर मण्याची जागा पाहावी. तो काचेला टेकलेला आहे काय आणि मध्ये लावलेली पांढरी उष्णतावाहक पेस्ट वाळून भुगा झालेली नाही ना? पेस्ट वाळली, की सेन्सर चांगला असूनही त्याला उष्णता पोहोचत नाही.

मग मल्टीमीटर. शेगड्यांत सर्रास आढळणारा सेन्सर २५ अंशांना १०० किलोओहम रोध दाखवतो. मुंबईच्या ३० अंशांच्या खोलीत तोच मणी सुमारे ८० किलोओहम दाखवील. म्हणून शंभर दिसत नाहीत एवढ्यावरून तो फेकू नये. दोन बोटांच्या चिमटीत मणी धरला, की आकडा सावकाश ६५च्या आसपास उतरतो आणि सोडल्यावर पुन्हा चढतो. तसा चढ-उतार झाला, तर सेन्सर बहुधा निर्दोष आहे. आकडा मुळीच हलला नाही किंवा उड्या मारू लागला, तर तो बदलावा. काही कंपन्या वेगळ्या मूल्याचे सेन्सर वापरतात, त्यामुळे नवा घेताना मूळ मूल्याची खात्री करून घ्यावी. मणी काचेच्या आवरणाचा आणि तारांवर काचतंतूंची नळी असलेलाच हवा; बाजारात मिळणारा साधा, रंगीत लेपाचा थर्मिस्टर इतकी उष्णता फार काळ सोसत नाही.

आता त्या चुकीच्या उपचाराविषयी. सेन्सर काढून त्या जागी ठराविक मूल्याचा एक साधा रेझिस्टर सोल्डर केला, की पडद्यावरचा क्रमांक नाहीसा होतो. शेगडीला आता भांडे कायम खोलीइतकेच गार वाटते. काही यंत्रे तापमान बदलत नसल्याचे ओळखून पुन्हा थांबतात, सगळी नाही. मग रिकामी कढई किंवा विसरलेले तेल तापतच राहते. २३० अंशांच्या आसपास खाद्यतेलांचा धूर निघू लागतो; त्याहून बरेच पुढे गेल्यास, ज्योतीचा स्पर्श न होताही ते पेट घेऊ शकते.

हा प्रकार प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरीच घडला. मिनिटभर चालून बंद पडणारी शेगडी एका दुकानातून ‘सेन्सर बदलून’ परत आली आणि चार-पाच महिने उत्तम चालली. एके संध्याकाळी दाराची घंटा वाजली म्हणून कुणीतरी उठले, बोलणे लांबले, आणि वासावरून परत येईपर्यंत स्वयंपाकघर धुराने भरले होते. शेगडी तेव्हाही पूर्ण जोरात चालू होती. उघडून पाहिले, तर सेन्सरच्या जागी रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर निघाला. मूळ मणी दुकानदाराने टाकून दिला होता, त्यामुळे तो खरोखर बिघडला होता काय, हे आता कळण्याचा मार्ग नाही. जोडणीची एक पिन मात्र हिरवीगार पडलेली होती.