डॉक्टर निवडायचा हक्क कुठून आला?

बाळंतपणासाठी किंवा अंगावरच्या दुखण्यासाठी कोणत्या डॉक्टरकडे जायचं, हे आज आपण ठरवू शकतो. हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही.

आपल्या नवी मुंबईच्या शेजारचं कल्याण. तिथे 1865 साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायची लाज, आणि बाई डॉक्टर नाही, म्हणून बायका घरातच सोसायच्या. हे बदलायला आनंदीबाई अमेरिकेत शिकल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. पण क्षयाने बाविशीच्या आतच गेल्या. त्याच 1886 साली मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. पेस्तनजी कामा यांनी पैसा दिला आणि विलायतेहून आलेल्या डॉ. एडिथ पेची यांनी ते सांभाळलं. बालपणी झालेलं लग्न नाकारून कोर्टात लढलेल्या रखमाबाईंना विलायतेत डॉक्टरकी शिकायला याच पेचीबाईंनी मदत केली.

आपल्या भागात 1970 साली सिडको आली, तेव्हा इथे आगरी-कोळ्यांची गावं, मिठागरं आणि भातशेती होती. कित्येक घरांत बाळंतपण सुईणीच्याच हाती होई. पुढे शहर वाढलं. 1992 पासून महापालिकेचा कारभार सुरू झाला. आज वाशी, नेरूळ, ऐरोलीला पालिकेची रुग्णालयं आहेत, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली. डॉक्टर आहेत, पण नीट निवडायचं काम आपलंच.

पाटी मोठी, म्हणून डॉक्टर चांगला असं नसतं. बाई डॉक्टर हवी वाटलं तर तसं मोकळेपणाने सांगावं, पण तेवढ्यावर थांबू नये. स्त्रीरोगाचं शिक्षण, म्हणजे एम.डी., एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.जी.ओ., आहे का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर आहे का? रात्री कळा सुरू झाल्या तर कोण येणार? भूल देणारे आणि बाळाचे डॉक्टर मिळतील का? रक्त लागलं तर कुठून येणार? सिझर करायचं म्हणाले तर कारण विचारावं, आणि वेळ असेल तर दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्यावं. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर जवळ बाई हवी, असं सांगायला संकोच नको. खासगी दवाखान्यात दरपत्रक लावलेलं असावं लागतं, ते आधी वाचावं. सरकारी रुग्णालयात 2011 सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं आणि रक्त मोफत आहे.

हे प्रश्न सातव्या महिन्याच्या आत विचारावेत, कळा सुरू झाल्यावर नाही. गटातल्या एखादीला सोबत न्यावं. दोघी गेल्या की धीर येतो, आणि एकीच्या ध्यानात न राहिलेलं दुसरीला आठवतं. प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो, त्याच्यापेक्षा जो बसवून समजावतो तो आपला. पूर्वी आपल्या बायकांना दुखणं सांगायलाच जागा नव्हती. आता जागा आहे, तर गप्प बसू नका.