रिचमंडची भिंत आणि शिडी

लंडनच्या नैर्ऋत्येस असलेले रिचमंड पार्क घोडागाडीतून पाहावे, असे हौशी प्रवासी सांगतात. सुमारे अडीच हजार एकरांचे ते राजवन, त्यातले जुने ओक आणि हरणांचे कळप गाडीच्या संथ चालीत डोळे भरून पाहता येतात. परंतु आम्हां कामगार चळवळीतील माणसांची नजर झाडांआधी भिंतीवर जाते.

ही भिंत राजा पहिला चार्ल्स याने १६३७ साली शिकारीसाठी घातली. तिच्या आत लोकांची शेते व गावांची सामाईक कुरणेही गेली. लोक खवळले, तेव्हा पायवाटेचा व सरपण वेचण्याचा हक्क त्याला राखावा लागला.

१७५१ साली राजकन्या अमेलियाकडे उद्यानाचा कारभार आला आणि मर्जीतल्या मंडळींखेरीज सर्वांना दारे बंद झाली. रिचमंडमधील बिअरचा एक कारखानदार, जॉन लुइस, याला फाटकावर अडवले, तेव्हा तो कोर्टात गेला. त्याने गाडीचा नव्हे, पायी जाण्याचा हक्क मागितला, आणि १७५८ साली तो जिंकला.

दार हवे की शिडी, असे न्यायाधीशांनी विचारता त्याने शिडी मागितली. कारण दाराला आज ना उद्या कडी लागू शकते. पुढे शिडीच्या पायऱ्या इतक्या दूरदूर बसवल्या, की मुलांना व वृद्धांना चढता येईना. लुइस पुन्हा न्यायाधीशांकडे गेला, आणि म्हाताऱ्या बायांनाही चढता येईल अशा पायऱ्या करण्याचा हुकूम झाला.

निकाल हाती आल्यावरही पायऱ्या मोजाव्या लागतात, हे आम्ही लुइसकडून शिकलो.