खिम्याचं मशीन कोण धुतं?

आमच्या घरी खिम्याचं एक मशीन आहे. आजीचं. बीडाचं, चांगलंच जड, टेबलाच्या कडेला खालून स्क्रू आवळून बसवायचं. लहानपणी रविवारी त्याचा दांडा कोणी फिरवायचा यावरून आम्हा भावंडांची मारामारी व्हायची. मशीन धुण्यावरून मात्र कधीच कुणी भांडलं नाही. आम्ही जेवून आडवे झालो की ते आजी धुवायची.

गेल्या वर्षी ते माझ्याकडे आलं. पहिल्याच रविवारी मी मित्रमंडळींना बोलावलं, खिमा-पाव केला, फोटो काढले आणि ‘उद्या बघू’ म्हणत मशीन ओट्यावर तसंच टाकून झोपले. सकाळी स्वयंपाकघरात पाऊल ठेववेना. पुढची रिंग जोर लावून उघडली, तर जाळीमागे पात्याला शिरांचा गुंता गुंडाळलेला, आणि त्याच्यामागे कालचं मटण. बाहेरून मशीन अगदी स्वच्छ दिसत होतं. हे धुवायचं कसं, एवढंच शोधायला मी बसले होते. पण त्या शोधात दोनशे वर्षं मागे गेले.

सुरुवात शब्दापासून करू. खिमा हा शब्द आपल्याकडे फारसी-उर्दूच्या वाटेने आला. त्याचं मूळ तुर्की भाषेत आहे, आणि तिथल्या क्रियापदाचा अर्थ बारीक चिरणं असा आहे. म्हणजे खिमा ही आधी हाताची क्रिया. आपल्याकडचे जुने खाटीक आजही लाकडी ओंडक्यावर सत्तुराने खिमा करून देतात. तालात चालणारा तो ठकठक आवाज तुम्ही ऐकला असेल. या पद्धतीला वेळ लागतो, मनगट दुखतं, पण एक सोय आहे. हत्यार एकच, आणि ते पूर्ण डोळ्यांसमोर असतं. पातं मळलंय की नाही, हे बघायला काहीही उघडावं लागत नाही.

हे काम यंत्राकडे नेण्याचं श्रेय सहसा कार्ल द्राइस या जर्मन माणसाला देतात. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण त्याचं दुसरं यंत्र तुम्ही नक्की वापरलंय. १८१७ साली मानहाइम शहरात तो दोन चाकांच्या लाकडी गाडीवर बसून पायांनी जमीन मागे रेटत निघाला. ती सायकलची पणजी. हा माणूस जन्माने सरदार घराण्यातला. १८४९ च्या क्रांतीत त्याने आपली सरदारकी सोडली आणि १८५१ मध्ये तो गरिबीत वारला.

खिम्याच्या मशीनमागची कल्पना साधी आहे. वरच्या नरसाळ्यातून मांसाचे तुकडे टाकायचे. आतलं मळसूत्र दांड्यासोबत फिरतं आणि तुकडे पुढे ढकलतं. टोकाला चार फाट्यांचं पातं, त्याला चिकटून भोकांची जाळी. मांस भोकात शिरतं, पातं ते कापतं, पलीकडून खिमा बाहेर येतो.

हे यंत्र घराघरांत गेलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइज नावाच्या कंपनीने बीडाची मशीन ओतून विकायला सुरुवात केली. त्यांच्या मापांना नंबर होते. आज ऑनलाइन मशीन घेताना तुम्हाला १२ नंबर, २२ नंबर, ३२ नंबर असं दिसतं, ते त्याच काळातलं. १२ नंबरची जाळी साधारण ७० मिलिमीटरची, ३२ ची १०० मिलिमीटरची. कंपनी तर केव्हाच पडद्याआड गेली, पण नंबर अजून चालू आहेत.

या मशीनला आतून-बाहेरून कथिलाचा मुलामा असायचा. हे वाचलं आणि मी थांबले. कथिलाचा मुलामा म्हणजे आपली कल्हई! आजीच्या पिढीत दारावर येणारा कल्हईवाला भाता लावून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने पितळी पातेल्यात चमक आणायचा, तीच गोष्ट. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून हे काम साध्या कोळशाच्या भट्टीवर होतं. पातेल्यातली कल्हई अन्नाला पितळापासून वाचवते. मशीनमधली कल्हई बीडाला पाण्यापासून वाचवते, म्हणजे गंजू देत नाही.

इथवरची गोष्ट सोयीची आहे. पुढची तशी नाही.

१८६५ साली जर्मनीतल्या हेडर्सलेबन नावाच्या छोट्या गावात डुकराचं मांस बारीक करून कच्चंच खाल्ल्यामुळे तीनशेहून जास्त लोक आजारी पडले आणि शंभरएक दगावले. कारण होतं स्नायूंत दडून बसणारी ट्रिकिनेला नावाची सूक्ष्म अळी. यात दोष यंत्राचा नव्हता. पण बारीक केलेल्या मांसाचा स्वभाव त्या गावाने फार मोठी किंमत मोजून दाखवून दिला: ते मिसळतं. मांसात जे काही असेल ते सगळ्यांच्या ताटात जातं. बर्लिनचे डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी म्हणून आग्रह धरला आणि पुढे प्रशियात ती सक्तीची झाली.

जिवाणूंच्या बाबतीत मिसळण्याचा हा गुण आणखी घातक ठरतो. मांसाचा अखंड तुकडा असेल तर जिवाणू बहुतेक करून पृष्ठभागावर असतात. तवा तापला की मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत जातो. म्हणूनच अमेरिकेचं कृषी खातं बीफच्या अखंड तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सिअस पुरेसं मानतं आणि खिम्याला ७१ अंश सांगतं. मशीनच्या जाळीमागे कालचं काही उरलं असेल, तर तेही आजच्या खिम्यात असंच सगळीकडे पसरतं.

हा हिशेब एका देशाला १९९३ मध्ये कळला. अमेरिकेच्या पश्चिम भागात जॅक इन द बॉक्स या साखळीतले नीट न शिजलेले हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले. चार मुलं गेली. कारण ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू. तो हॅम्बर्गरमधून पसरतो हे १९८२ मध्येच दिसलं होतं. १९९४ मध्ये सरकारने ठरवलं की बीफच्या खिम्यात हा जिवाणू सापडला तर तो माल भेसळयुक्त समजायचा. त्याआधी ‘नीट शिजवा’ एवढं सांगून जबाबदारी ग्राहकाच्या तव्यावर ढकलता येत होती.

पण माझा मूळ प्रश्न वेगळा होता. धुतं कोण?

१९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर या लेखकाची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या लिथुआनियन कुटुंबाची ती गोष्ट. सिंक्लेअरला वाचकाने कामगारांचे हाल बघायला हवे होते. वाचकाने आपला सॉसेज बघितला. सॉसेजमध्ये काय काय जातं याची त्याला किळस आली, ओरड झाली, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशीला माणसं पाठवली. ३० जून १९०६ या एकाच दिवशी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. कारखाने स्वच्छ ठेवणं बंधनकारक झालं. ते स्वच्छ करणाऱ्या माणसांबद्दल या कायद्यांत काही नव्हतं.

आता थेट २०२३ मध्ये या. मांसाच्या मोठ्या कारखान्यांत दिवसभर यंत्रं चालतात आणि रात्री ती धुतली जातात. त्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कामगार खात्याने जाहीर केलं की कारखान्यांची सफाई करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीने किमान १०२ मुलं कामाला लावली होती. वयं १३ ते १७. आठ राज्यांतले १३ कारखाने. ही मुलं रात्रपाळीत घातक रसायनं वापरून हाडं कापायच्या करवतींसारखी यंत्रं धूत होती. कंपनीला सुमारे १५ लाख डॉलर दंड झाला.

अन्न स्वच्छ हवं, हे सिंक्लेअरच्या वाचकाने मान्य केलं होतं. ११७ वर्षांनंतर ते स्वच्छ ठेवण्यासाठी रात्री मुलं उभी होती. सत्तुराच्या काळात कापणारा माणूसच ओंडका घासायचा. यंत्राने कापण्याचे कष्ट वाचवले हे खरंच आहे. पण सगळे कष्ट काही संपले नाहीत. त्यातले काही धुण्याकडे सरकले. दांडा दिवसा, सगळ्यांसमोर फिरतो. धुणं नंतर होतं, बाकीचे झोपल्यावर. कारखान्यात तसंच, आमच्या घरातही तसंच.

तर धुवायचं कसं, हे आता मला कळलंय, ते सांगते. मशीन जेवणाआधी धुवायचं, जेवल्यानंतर आपलं अंग हलत नाही. शेवटी शिळ्या पावाचा एक तुकडा मशीनमधून फिरवा, आत अडकलेलं बरंचसं तो बाहेर ढकलतो. पण तेवढ्याला धुणं समजू नका. दांडा, रिंग, जाळी, पातं, मळसूत्र, सगळं सुटं करा. आधी गार पाणी. एकदम गरम पाणी ओतलं तर रक्त आणि प्रथिनं अंड्यासारखी शिजून चिकटतात. मग गरम पाणी, साबण आणि बाटली धुवायचा ब्रश. जाळीचं एकेक भोक दातकोरणीने.

आपला हात सवयीने चिंचेकडे जातो, कारण पितळ चिंचेने लखलखतं. इथे चिंच नको, लिंबू नको, तारेची घासणीही नको. कल्हई उडाली की खालचं बीड उघडं पडतं आणि गंजतं. धुऊन झालं की लगेच पुसायचं, उन्हात पूर्ण वाळवायचं आणि खाण्याला चालणाऱ्या मिनरल ऑइलचा हलका हात फिरवायचा. गोडं तेल लावलं तर ते चिकट होतं, खवट होतं. परत जोडताना पात्याची सपाट बाजू जाळीकडे. उलटं बसलं तर मांस कापलं न जाता चेंगरतं, शिरा गुंडाळल्या जातात आणि पुढचं धुणं दुप्पट होतं. मांस आधी फ्रीझरमध्ये कडक गार केलं, तर मशीन मुळातच कमी बरबटतं.

सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. खिमा करायला लागतात त्यापेक्षा जास्त. आजीने ही मिनिटं किती रविवार दिली, याचा हिशेब मी करून पाहिला आणि अर्ध्यात सोडला.

परवा भाचा आला होता. दांडा त्यालाच फिरवायचा होता. मी म्हटलं, फिरव, पण आमच्याकडे नियम आहे, जो दांडा फिरवतो तो जाळी घासतो. त्याने तोंड वाकडं केलं, पण घासली. दोन भोकं राहिली होती. ती मी त्याला दाखवली आणि दातकोरणी परत त्याच्या हातात दिली.