मिठाची वाट आणि मुलांचे आयोडीन



आपला यवतमाळ जिल्हा समुद्रापासून लांब. मीठ इथे बाहेरूनच यायचे. रेल्वे येण्याआधी ते बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून येई. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ शब्दावरून पडले असे सांगतात. 1930 साली गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला, पण आपल्याकडे मीठ उचलायला समुद्रच नव्हता. म्हणून वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये पुसदला जंगल सत्याग्रह केला. मिठाऐवजी राखीव जंगलातले गवत कापले.

मीठ कसेही करून घरात आले, पण आयोडीन मात्र आले नाही. हे द्रव्य 1811 मध्ये फ्रान्सच्या बर्नार्ड कूर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेत सापडले. साध्या मिठात, मग ते समुद्राचे का असेना, ते नगण्यच असते. जमिनीतले पावसापाण्याने वाहून जाते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीनवर चालते. ते कमी पडले की ग्रंथी फुगते, त्याला आपण गलगंड म्हणतो. पण गळा न फुगताही मुलाची वाढ मंदावते, लक्ष लागत नाही, अभ्यास मागे पडतो. आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

आपल्या देशात याचा उलगडा हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात झाला. 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचे मीठ दिले, एकाला साधे. शाळकरी मुलांचे गळे तपासले. सहा वर्षांत आयोडीनच्या भागांत गलगंड निम्म्यावर आला, साध्या मिठाच्या भागात होता तसाच राहिला. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे हा आजार फक्त हिमालयाचा नाही, मैदानातही आहे हे कळले, आणि 1980 च्या दशकात सर्वांसाठीच आयोडीनयुक्त मीठ करायचे ठरले. साधे मीठ खाण्यासाठी विकायला असलेली बंदी 2000 साली केंद्राने उठवली होती. मे 2006 पासून ती पुन्हा लागू झाली.

आता आपल्या घराकडे येऊ. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज 120 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. वर्षभराचे मिळून 45 मिलिग्रॅमही होत नाही, चिमूटभराहून कमी! ज्या घरात मासे-अंडी खातात तिथे त्यातूनही ते मिळते. आपल्या अहिंसक स्वयंपाकघरात मुख्य आधार दोनच, दूध आणि मीठ. आयोडीन कुठून येते अशी शंका काहींना असते. ते बहुतांशी चिलीच्या वाळवंटातल्या खनिजातून आणि जपानमधल्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून काढतात. त्यात प्राणिज काही नाही.

रसपरित्याग हे आपले बाह्य तप. रविवारी मीठ सोडणाऱ्या, अळणी आयंबिल करणाऱ्या भगिनींना माझे वंदन. पण तप हे समजून-उमजून स्वतः घ्यायचे असते. उपवासाचे सैंधव हल्ली शुद्ध म्हणून बारमाही भाजी-आमटीत पडू लागले आहे. त्यात आयोडीन नसल्यासारखेच असते. आपण आवडीने सैंधव निवडतो, आणि डब्यातली भाजी खाणाऱ्या नातवंडाचे आयोडीन त्याला न विचारता सुटते.

मीठ सचित्त म्हणून भाजून ठेवायची आपली रीत आहे. पण फार तापवले की त्यातले आयोडीन घटते. म्हणून वरून घ्यायला भाजलेले वेगळे ठेवावे, आणि आमटी-भाजीत पाकिटातले आयोडीनचे मीठ शिजताना शेवटी घालावे. ते अन्नाबरोबर अचित्त होतेच. बरणी घट्ट झाकणाची असावी, चुलीच्या वाफेपासून दूर. मीठ वाढवायचे नाही, फक्त योग्य ते वापरायचे. थायरॉइडचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारावे.

उपवासाला सैंधव जरूर घ्या. रोजच्या डब्यात मात्र आयोडीनचेच मीठ असू द्या.