पोफळीचे पाणी आणि हायड्रोजनचा बंध

चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव महाराष्ट्राच्या इतिहासात दाखल झाले ते विजेमुळे. कृष्णेकडे जाणारे कोयनेचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस आणावयाचे, साडेचारशे मीटरांहून अधिक खोल सोडावयाचे आणि खडकात कोरलेल्या वीजगृहातील चक्रे त्याजकडून फिरवून घ्यावयाची, अशी ही योजना. १९६२ साली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. धरण, यंत्रे आणि १९६७ च्या डिसेंबरातील भूकंप यांची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. परंतु ज्या पाण्यावर हा सारा डोलारा उभा आहे, त्याला त्याचे पाणीपण कोठून लाभले, या शोधाचा इतिहासही तितकाच मनोवेधक आहे.

पंचमहाभूतांपैकी एक म्हणून आपण पाण्यास मूलतत्त्व मानीत आलो. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत हीच समजूत होती. १७६६ साली कॅव्हेंडिश याने एका ज्वालाग्राही वायूचे वर्णन केले व पुढे तो जाळला असता पाणी उत्पन्न होते, असे दाखविले. या प्रयोगाचा खरा अर्थ लाव्हाझिए याने १७८३ साली उलगडला: पाणी हे संयुग आहे. त्या वायूस त्याने ‘पाणी उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. आपल्याकडील ‘उद्जन’ या शब्दाचा अर्थही तोच.

तथापि एक कोडे उरलेच. पाण्याच्या रेणूहून जवळजवळ दुप्पट जड असलेला हायड्रोजन सल्फाइड शून्याखाली ६० अंशांवरच उकळतो. मग हलके पाणी उकळावयास १०० अंश का लागावेत? १९२० साली कॅलिफोर्नियातील लॅटिमर व रोडबुश यांनी याचे उत्तर मांडले. रेणूतील ऑक्सिजन विद्युत्कणांस आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे हायड्रोजन काहीसा धनभारित होतो, आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनाच्या मोकळ्या विद्युत्कणयुग्माकडे आकर्षिला जातो. हाच हायड्रोजन-बंध. रेणूच्या आतील बंधाच्या मानाने त्याचे बळ विसाव्या हिश्श्याच्या आसपास. द्रवात तो सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या अंशाएवढ्या अल्प काळात तुटतो व पुन्हा जुळतो. १९३९ साली पॉलिंग याच्या ग्रंथाने ही कल्पना रसायनशास्त्रात दृढमूल केली.

आता पोफळीचा हिशेब पाहू. तेथील वीज हायड्रोजनातून निघत नाही, ती पाण्याच्या उंचीतून निघते. परंतु ती उंची पाण्यास सूर्याने मिळवून दिलेली असते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि तिचा बहुतांश हे बंध तोडण्यातच खर्ची पडतो. तेच पाणी पोफळीस खाली येताना देते ते साडेचार किलोज्यूलांच्या थोडे वर, म्हणजे त्या उष्णतेचा पाचशेवा हिस्सा! बाकीची उष्णता सह्याद्रीवर मेघ जमताना, बंध पुन्हा जुळताना, आकाशास परत मिळालेली असते. हा बंध नसता, तर आपल्या हवेत पाणी वायुरूपानेच राहिले असते. कोयनाही नसती व पोफळीचे वीजगृहही नसते.

या हिशेबाशेजारी आणखी एक हिशेब आम्हांस आठवतो. जलाशयाखाली गेलेल्या कोयनाकाठच्या गावांतील कुटुंबे आपली शेते व देवळे सोडून दूर गेली, आणि त्यांपैकी पुष्कळांस पुनर्वसनाची वाट अनेक दशके पाहावी लागली. पाण्याचे तुटलेले बंध मेघात तत्काळ जुळतात, आणि तोडण्यास लागलेली उष्णता निसर्ग परत करतो. माणसाचे मातीशी असलेले बंध तुटले असता ते आपोआप जुळत नाहीत. तेथे परतफेड समाजासच करावी लागते. पोफळीच्या विजेने ज्यांची घरे उजळली, त्या आम्हां सर्वांच्या खात्यावर हे देणे मांडलेले आहे.